तिबूचा आवाज

“तिबू?” वसंतकाका भुवया चढवून म्हणाले.

“नियम हाय काका. सिलिंडर जिन्याखाली ठेवायचा. वर आणून द्यायचा असं कुठं लिवलंय?” गॅसवाला म्हणाला.

“तिबू, तिबू.” हे अगदी थंडपणे, डोळे बारीक करून.

“आणला हुता की मागल्या महिन्यात. न्हाई कुठं म्हणालोय? पण तवा माझी पाठ बरी हुती.”

“ति… बू!”

“बरं बरं. रागवू नका. आणतो.”

आणि सिलिंडर दोन मजले चढून वर आला. मी चहाचा कप तसाच हातात धरून बघत राहिले. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन ज्या माणसाची सगळी भाषा पुसली गेली, ज्याच्या तोंडात ‘तिबू’ या एका निरर्थक शब्दाखेरीज काही उरलं नाही, त्यानं गॅसवाल्याशी भांडून भांडण जिंकलं होतं. माझी जीभ चांगली हातभर आहे, असं माझ्या सासूबाईंचं मत. तरी मला आजवर एकही सिलिंडर वर आणवून घेता आलेला नाही.

वसंतराव इंगवले म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या हौशी नाटकवाल्यांचे गुरू. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी तालीम घ्यायची, हे त्यांनी तीस वर्षं केलं. मी त्यांच्याकडे दहा वर्षं कामं केली. त्यांचा आवाज असा की शेवटच्या रांगेतला म्हाताराही ‘जरा मोठ्यानं’ म्हणायचा नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण डोक्यात तयार झालेलं वाक्य तोंडाशी येईपर्यंत त्याचं ‘तिबू’ होतं. लिहायला जावं तर उजवा हात चालत नाही. काका खिडकीशी बसून राहायला लागले. भेटायला येणारे त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे, पाच मिनिटांत घड्याळ बघायचे आणि जायचे. इंदूकाकी मागे लागली तरच दाढी. त्या दिवशी गॅसवाल्याच्या निमित्तानं त्यांच्या डोळ्यांत जरा धग दिसली, तेवढीच.

मी जिना उतरतानाच किरणला फोन लावला. म्हटलं, “मोगू सापडला.”

किरण चौगुलेचा राजारामपुरीत स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि भिंतींना मारलेल्या जुन्या गाद्या. त्याला त्या वर्षी कुठूनतरी वशिल्यानं मोठं काम मिळालं होतं. ‘मुठीतले राक्षस’ नावाचा एक परदेशी खेळ तेव्हा पोरांच्या डोक्यात शिरला होता. दोनशे जातीचे छोटे राक्षस. ते पकडायचे, मुठीएवढ्या बरणीत ठेवायचे, खाऊपिऊ घालून वाढवायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसाशी झुंजवायचे. कोल्हापूरला झुंजीचं काही वेगळं शिकवावं लागत नाही. पोरं दप्तरात पुस्तकं कमी आणि राक्षसांची चित्रं जास्त घेऊन फिरायची. त्या खेळाच्या कंपनीनं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कार्टून फिल्मा काढल्या होत्या आणि त्या मराठीत करायचं काम किरणकडे आलं होतं. भाषांतर माझ्याकडे.

आता त्यातली गंमत अशी, की त्या फिल्मांत माणूस औषधालाही नव्हता. नुसते राक्षस. आणि कंपनीचा नियम असा, की प्रत्येक राक्षसानं फक्त स्वतःचं नाव घ्यायचं. हसायचं, रडायचं, भांडायचं, सगळं आपल्या नावातच. पहिल्या फिल्मचा नायक मोगू. केसाळ, ढेरपोट्या, एक दात पुढं आलेला. त्याच्या तोंडी ‘मोगू’ हा शब्द त्रेसष्ट वेळा होता. मी त्याचं भाषांतर केलं. मोगूचं मराठी मोगू. एम.ए.ला मराठीत पहिली आले होते, त्याचं चीज झालं.

तरी पण नुसते हात बांधून कसं बसायचं? म्हणून प्रत्येक ‘मोगू’खाली तो काय म्हणतोय ते मी बारीक अक्षरात लिहून काढलं. ‘जाऊ नकोस.’ ‘माझं फळ कुणी खाल्लं?’ ‘मला काय त्याचं!’ अकरा जणांचे आवाज आम्ही घेऊन बघितले. अकराही जणांनी शेपटीवर पाय पडलेल्या उंदराचा आवाज काढला. माझी बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत.

“अगं पण ते तिबू म्हणतात ना?” किरण म्हणाला. “याचं नाव मोगू आहे.”

“नाव बदलता येतं. कंपनीचा फॉर्म आहे. स्थानिक कारण द्यावं लागतं.”

“काय कारण देणार?”

कारण मी रात्रभर विचार करून नाही, दोन मिनिटांत दिलं. फॉर्मवर लिहिलं, ‘मोगूदेव हे आमच्या भागातील एक जागृत ग्रामदैवत असून राक्षसाला हे नाव दिल्यास भाविकांच्या भावना दुखावतील.’ दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. सोबत मोगूदेवाच्या भक्तांची मनःपूर्वक माफी मागणारं पत्र. किरणनं ते चौकट करून भिंतीवर लावलं आणि कामाला सुरुवात करताना तो त्याला उदबत्ती ओवाळायला लागला.

काका पहिल्या दिवशी यायला तयार नव्हते. काकीनं अक्षरशः शर्ट घालून, बटणं लावून पाठवलं. “बसून तरी काय करणार हाय इथं? भिंती मोजून झाल्या की सगळ्या,” म्हणाली. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि चित्र दाखवून सांगितलं, “काका, ह्याचा मित्र दुसऱ्याच्या बरणीत चाललाय. परत भेटणार नाही. हा त्याला म्हणतोय, जा, मी बरा आहे. पण बरा नाही.”

काकांनी ते चित्र दोनदा बघितलं. मग मान खाली घातली, पोटातून एक श्वास घेतला आणि म्हणाले, “तिबू.”

किरणनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. मग किरण म्हणाला, “सुनेत्रा, परत घ्यायचं काय?” मी म्हटलं, “काय घ्यायचंय परत? डोळे पूस आधी.”

बघता बघता पाच फिल्मा झाल्या. महिन्याला एक, रविवारी सकाळी साडेनऊला केबलवर लागायची. पोरं वेडी झाली. इतर राक्षस बोलायचे, तिबू मात्र पोरांशी बोलायचा, असं त्यांचं म्हणणं. तिबूचा आवाज काकांचा आहे ही बातमी त्यांच्या मंगळवार पेठेत लपून राहणं शक्यच नव्हतं. आठवडाभरात काकांच्या दारात पोरांची रांग. ही पोरं ओरडून बोलत नव्हती आणि घड्याळही बघत नव्हती. “तिबू आजोबा, रागावल्यासारखं करा. आता भूक लागल्यासारखं.” काका रोज दाढी करायला लागले. संध्याकाळी काठी घेऊन कट्ट्यावर जायला लागले. काकी मला एकदा म्हणाली, “तुला म्हणून सांगते, माझा माणूस परत आला.” मी घरी जाऊन देवापुढं साखर ठेवली, मोगूदेवाच्या.

मग सहाव्या फिल्मचा मजकूर आला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना सांगायला हवं, की यातले राक्षस जन्मभर तसेच राहत नाहीत. पुरेसे जिंकले की एक दिवस उजेड पडतो आणि त्यातून नवा, मोठा, पंखबिंख फुटलेला राक्षस बाहेर येतो. त्याचं नाव नवं. आणि एकदा नवं नाव घेतलं की जुनं पुन्हा तोंडून काढायचं नाही, असा नियम. सहाव्या फिल्ममध्ये तिबू मोठा होणार होता. नवं नाव ‘मोगुरादोन’. पुढच्या सगळ्या फिल्मांत तेच. पोरांच्या दृष्टीनं याहून आनंदाची गोष्ट नाही. तिबूची प्रगती झाली होती. आमच्या तिबूची कशी होणार?

मी पुन्हा फॉर्म काढला. मोगूदेवाचं नाव नव्या नावातही येतं, भावना पुन्हा दुखावतील, असं लिहिलं. या वेळी उत्तर कंपनीच्या वकिलाकडून आलं. नवं नाव जगभर खेळण्यांवर छापून झालंय, बदलता येणार नाही. मात्र देवस्थानाबद्दल आदर आहे, तरी देवळाचा एक फोटो आणि पुजाऱ्यांचा पत्ता पाठवावा. देवाशी चेष्टा केली की अशी अंगाशी येते.

“सांगून टाक काकांना,” किरण म्हणाला.

“सांगते.”

सांगते म्हणून मी आठ दिवसांत चार वेळा गेले. चार वेळा जेवून आले. एकदा तर विषय काढायला म्हणून पांढरा रस्सा तीनदा घेतला, पण विषय काही निघाला नाही. काका समोर ताजी दाढी करून बसलेले असायचे आणि मला वाटायचं, आज नको, उद्या. खरं म्हणजे मी भित्री आहे. हे मला आता कळतं. तेव्हा मी त्याला दया म्हणत होते.

नवव्या दिवशी मला एक युक्ती सुचली. काकांचं रेकॉर्डिंग नेहमीसारखं करायचं. ते तिबू म्हणतील. फिल्ममध्ये मात्र गजा मुळीकचा आवाज लावायचा. गजा रिक्षात भोंगा लावून साड्यांच्या सेलची जाहिरात करत फिरायचा. त्याच्या गळ्यात मोगुरादोन झकास बसला. राहता राहिला रविवार. काकांच्या घरी फिल्म दिसता कामा नये. त्यासाठी मी पेठेतल्या बाळू केबलवाल्याला गाठलं आणि साडेनऊ ते दहा त्या आळीची केबल बंद ठेवायची असं ठरवलं. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघता येईल. माझ्या सगळ्या योजना अशाच लांबचा विचार करून केलेल्या असतात.

शुक्रवारी काका आले. मी चित्र लावलं आणि सांगितलं, “काका, आज तिबू मोठा होतोय. सगळ्यांच्या समोर. फार आनंदाचा दिवस आहे त्याचा.”

काकांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग किरणकडे. किरण एकदम खाली वाकून वायर शोधायला लागला. मग काकांनी ते काम केलं. सुरुवातीला लहान पोराच्या आवाजात, मग थोडं भ्यायलेलं, मग अंगात काही शिरतंय तसं, आणि शेवटी असा एक ‘तिबू’ की गाद्या मारलेल्या भिंतीही हलल्या असतील. त्यात निरोप होता. मी ऐकला. ऐकून मोठमोठ्यानं टाळ्या वाजवल्या. “वा काका, क्या बात है! पोरं खूश होणार बघा!” असं काहीतरी ओरडले. किरण शेवटपर्यंत खालीच वायर शोधत होता.

रविवारी मी नऊलाच त्यांच्या घरी गेले. जातीनं हजर असलेलं बरं. काकीनं पोहे केले होते. काका आरामखुर्चीत, धुतलेला सदरा घालून. साडेनऊला टीव्हीवर गाणं सुरू झालं आणि लगेच पडदा मुंग्या-मुंग्या झाला. बाळू शब्दाचा पक्का निघाला. आळीभर पोरांचा एकच कालवा उठला.

“अरेच्चा! केबल गेली वाटतं,” मी म्हणाले. “आत्ताच जायची होती मेली. लागेल परत कधीतरी. काकी, पोहे मस्त झालेत.”

“सुनेत्रा,” काकी म्हणाली, “बाळू काल येऊन विचारून गेला. म्हणाला, काकी, त्या मॅडम केबल बंद कर म्हणत्यात, करू काय? पोरं मारतील मला. मी म्हटलं, कर बाबा. एवढ्या आशेनं सांगितलंय तिनं, तर कर.”

चमचा मी बशीत ठेवला. मी काकांकडे बघितलं. ते मजेत माझ्याकडे बघत होते.

“यांना… यांना माहितीये?”

“त्यांना शुक्रवारीच कळलं. घरी आले ते जिन्यापासनंच हसत. म्हटलं काय झालं एवढं? तर तुझी नक्कल करून दाखवली. अशी मान वाकडी करून, टाळ्या वाजवत.” काकीनं ती मलाही करून दाखवली. “दहा वर्षं काम शिकवलं त्यांनी तुला. खोटं बोलालीस हे कळणार नाही व्हय त्यांना? त्यात ते राक्षसाचं तोंड चारदा उघडालंय, आणि हे म्हणणार तिबू. नाटकातला माणूस हाय तो. सगळं कळालंय त्यांना.”

“मग रेकॉर्डिंग कशाला केलं?”

“तू एवढा घाट घातलेलास. मोडवेना त्यांच्यानं.”

“राग नाही आला?”

“आला की,” काकी शांतपणे म्हणाली. “लई आला. एवढं वाईट काम केलंस म्हणून.”

काका उठले. काठी न घेता, भिंतीचा आधार घेत माझ्यापर्यंत आले, डाव्या हातानं माझ्या हातातली बशी काढून काकीकडे दिली, माझं कोपर धरलं आणि मला दाराबाहेर नेऊन उभं केलं. मग दार लावून घेतलं.

मी जिन्यात उभी. केबल कुणी तोडली याची चौकशी करायला निघालेली सात-आठ पोरं खालून माझ्याकडे बघत होती. एक म्हणालं, “मॅडमला हाकलून दिलं.” पण मला ठाऊक होतं हे काय आहे ते. तालमीत एखाद्याचा प्रवेश फसला की काका ओरडत नसत. विंगेत नेऊन सोडत. पुन्हा ये.

मी दार ढकलून आत गेले. काका खुर्चीत बसले होते.

“काका, ते सहाव्या फिल्मचं… म्हणजे कंपनीचं असं म्हणणं आहे की…”

काकांनी डाव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं. मी बाहेर गेले.

दुसऱ्यांदा आत आले ती रडतच. “काका, मला माफ करा हो, मी फार वाईट…” बोट पुन्हा फिरलं, या वेळी जरा वैतागून. रडं हे माझं होतं आणि प्रवेश काकांचा होता. मी डोळे पुसले आणि बाहेर गेले. पोरं आता पायऱ्यांवर बसून बघत होती. त्यांना केबलपेक्षा हे बरं वाटत असावं.

तिसऱ्यांदा मी दारात थांबले. श्वास घेतला. आत गेले, काकांच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “काका, तुमचं काम संपलं. तिबू आता बोलणार नाही. पुढच्या फिल्मांत दुसरा आवाज आहे, गजा मुळीकचा. मला सांगायची भीती वाटली, म्हणून मी तुम्हाला फसवलं.”

काका ऐकत राहिले. बोट हललं नाही. मग त्यांनी सावकाश मान हलवली. हे बरोबर झालं, असं. आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला आणि ते रडायला लागले. झटका आल्यावर हॉस्पिटलात रडले नव्हते. भाषा गेली तेव्हाही नाही. तीन दिवस ते माझी नक्कल करून हसत होते, कारण जी बातमी त्यांना कुणी सांगितलीच नव्हती, तिच्यासाठी त्यांना रडताही येत नव्हतं.

काकी उठली आणि त्यांचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. “तिबू,” काका म्हणाले, पुन्हा पुन्हा, “तिबू, तिबू.” त्याच्या खाली काय लिहायचं ते मला सुचलं नाही.

केबल आली तेव्हा दहाला पाच कमी होते. जिन्यातली पोरं ओरडत घरोघर पळाली. पडद्यावर गजाच्या आवाजातला मोगुरादोन होता. मी टीव्हीचा आवाज बारीक करायला गेले, तर काकी म्हणाली, “राहू दे. बघू दे त्यांना.”